परवाचं मशीन

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला जावईबापूंनी लॅपटॉप उघडला आणि पाचच मिनिटांत ते खुर्चीतून उठून उभे राहिले. ही गोष्ट साधी नव्हती. जावईबापू एकदा बसले की चहासुद्धा त्यांच्यापर्यंत चालत जायचा.

"माझं मशीन नाहीये," ते म्हणाले.

ते कोणाचेच जावई नव्हते. पण खिडकीजवळची खुर्ची त्यांची, पंख्याखालची जागा त्यांची, सगळ्यात मोठं मशीनही त्यांचं. कुठलीही गोष्ट त्यांना मागायच्या आधी मिळायची, म्हणून नाव पडलं आणि चिकटलं. पाच माणसांच्या त्या कंपनीत खऱ्या नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बाईंनी तेवीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती, आणि निवृत्तीनंतर इथे त्या पुस्तिका लिहीत होत्या. प्रोग्राम कसा उघडायचा, कुठलं बटण कशाचं, असल्या. लॅपटॉप समोर धडधडीत दिसतोय आणि माणूस म्हणतोय मशीन नाही, हे पहिल्या महिन्यात त्यांच्या डोक्यावरून गेलं असतं. आता जात नव्हतं. इथे कोणाचंही काम स्वतःच्या लॅपटॉपवर नसायचं. दूरच्या कुठल्या तरी मोठ्या इमारतीत ओळीनं संगणक मांडलेले होते, त्यांच्यावर प्रत्येकासाठी एकेक मशीन राखलेलं असायचं, आणि सगळं काम तिकडे चालायचं. लॅपटॉप ही नुसती खिडकी, घर तिकडे. लॅपटॉप फुटला तरी काम सुरक्षित, असं सगळे अभिमानानं सांगायचे. आज खिडकी शाबूत होती आणि घर गेलं होतं.

"बंद पडलं असेल," बाई म्हणाल्या.

"बंद पडलं तर यादीत फिकट दिसतं. हे यादीतच नाही. कोणीतरी उडवलंय."

त्या मशीनवर बारा दिवसांचं काम होतं. एका डायलिसिस केंद्रासाठी प्रोग्राम चालला होता: कुठला रुग्ण कुठल्या दिवशी कुठल्या खुर्चीवर बसणार, याची वाटणी. तिथल्या मुख्य परिचारिका हे सगळं कागदावर, खोडरबर हातात धरून करत असत, आणि एखादं नाव चुकून खोडलं गेलं तर एखादा माणूस उपचाराविना परत जायचा. गुरुवारी त्यांना ते चालवून दाखवायचं होतं. रोज संध्याकाळी आपलं काम सगळ्यांच्या सामायिक भांडारात जमा करायचं, असा नियम होता. जावईबापूंनी बारा दिवसांत तो एकदाही पाळला नव्हता.

मशीन उडवायचं तर 'कारभारी' नावाच्या खात्याची किल्ली लागते. ती तिघांकडे होती. कंपनीचे मालक दादा, मशीनांची देखभाल करणारे वस्ताद, आणि वस्तादांच्या हाताखाली शिकणारी सूनबाई. वस्ताद आज रजेवर होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, फोन बंद. जावईबापू थेट सूनबाईच्या टेबलाशी गेले.

"कारभारीच्या खात्यात सकाळी शिरली होतीस?"

"हो," ती म्हणाली. "मला मशीन काढायचंच होतं, पण..."

"बस्स," जावईबापू म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

२

सूनबाई कोणाची सून नव्हती, हे आता सांगायला नको. सहा आठवड्यांपूर्वी ती लागली आणि त्या दिवसापासून जे काम कोणालाच नको ते तिच्या वाट्याला. सुरुवातीला नावावर ती हसायची. अलीकडे हसत नव्हती.

वय छत्तीस. आठ वर्षं वडिलांच्या आजारपणात घरी काढलेली, मग वडील गेले आणि ती पुन्हा नोकरी शोधायला निघाली. आठ वर्षांत या धंद्यात जग दोनदा उलटं होतं. अकरा ठिकाणी नकार ऐकून ती इथे टेकली होती. इथून 'रागाच्या भरात दुसऱ्याचं काम उडवलं' असा शिक्का घेऊन बाहेर पडली, तर पुन्हा कोणी तिच्या हातात किल्ली देणार नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि बाईंनाही.

शिवाय कारणही होतं, सगळ्यांच्या समोर घडलेलं. सोमवारी जावईबापू तिला म्हणाले होते, "तुला काय येतं, ते तरी सांग." त्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "तुमचं मशीन एक दिवस बंद ठेवते. मग कळेल कोणाला काय येतं."

दादांना हे सगळं तिखटमीठ लावून कळलं. दादा मनानं वाईट नव्हते, पण निर्णय घ्यायची त्यांना फार घाई असायची. निर्णय झाला की त्यांना जेवण गोड लागायचं.

"बाई, तिनं स्वतः कबूल केलंय," ते म्हणाले. "मशीन काढायचंच होतं म्हणाली. आता आणखी काय हवं? पाच वाजता पत्र देतो तिला."

"वस्तादांशी बोलणं झालं?"

"त्याचा फोन संध्याकाळपर्यंत बंद आहे. आणि त्याला काय विचारायचं? तो इथे नव्हताच."

दादा शाळेत बाईंचे विद्यार्थी होते. निवृत्तीनंतर घरी बसून बाईंचा जीव कासावीस झाला होता, तेव्हा यांनीच घरी येऊन ही नोकरी दिली होती. म्हणून ऑफिसात बाई त्यांना आवर्जून 'तुम्ही' म्हणायच्या. मिंधेपण नव्हतं, पण उपकाराची जाणीव होती.

"पाचपर्यंत वेळ आहे ना?" बाई म्हणाल्या. "तोवर मी दोन-चार जणांशी बोलते. मला यातलं काही कळत नाही, त्यामुळे कोणाला माझी भीती वाटणार नाही."

दादा हसले. "बोला की. पण उगाच गढूळ पाण्यात हात घालू नका. हाताला काही लागायचं नाही."

बाई बाहेर आल्या तेव्हा दादांच्या मागच्या यंत्रातून पत्र छापून बाहेर पडत होतं.

३

जावईबापू स्वतःचं दुःख सांगायला एका पायावर तयार होते.

"जुनं मशीन फार हळू चालायचं," ते म्हणाले. "म्हणून वस्तादांनी रविवारी घरून नवीन तयार करून दिलं. काम सगळं तिकडे हलवलं, जुनं आता रिकामंच असणार. काल दिवसभर मी त्यावर होतो. बाई, काय पळत होतं ते."

"रविवारी? मला नाही कळलं."

"कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर प्रत्येकानं मागितलं असतं."

हे मात्र खरं होतं, आणि जावईबापू इतकं खरं क्वचितच बोलत.

त्याच वेळी दादा बाटली भरायला पाण्याच्या फिल्टरपाशी आले होते. फिल्टर बिघडला होता, नळातून थेंब थेंब पडत होता. बाईंनी पाहिलं, अर्धी बाटली भरली नाही तोच दादा वळले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांचं दार एरवी कायम उघडं असायचं. बाईंना तेव्हा वाटलं, पाण्याला कंटाळले असतील.

"आणि मशीन कधी उडालं, ते कळतं का कुठे?"

जावईबापूंनी पडद्यावर नोंदी उघडल्या. "हे बघा. कारभारीच्या खात्यातून झालेली प्रत्येक गोष्ट इथे लिहिली जाते. कोणी केली ते नाही कळत, खातं सामायिक आहे. गेल्या तीन दिवसांत फक्त एक मशीन उडवलं गेलंय. आज सकाळी नऊ चाळीस. मशीनचं नाव रवि-१. ऑफिसातल्याच इंटरनेटवरून."

"रवि कोण?"

"रविवार, बाई. वस्ताद मशीनला जन्मवाराचं नाव देतात. सोमवारचं पहिलं ते सोम-१. कोणाचं मशीन ते नावावरून काही कळत नाही. म्हणतात, बारसं करायला वेळ कोणाला आहे."

नऊ चाळीसला ऑफिसात दोनच माणसं होती. दादा नऊला आलेले, सूनबाई साडेनऊला. बाई आणि जावईबापू दहानंतरचे. दादांनी आपल्याच कंपनीचं काम बुडवायचं कारण नव्हतं. राहता राहिली एकच.

बाईंना ती मुलगी आवडत होती, आणि आवडतं म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही हे तेवीस वर्षं पेपर तपासून त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात पिशवी घेऊन एक माणूस उभा राहिला. "फिल्टर इथलाच ना? तुमच्या दादांचा सकाळी फोन आला होता."

४

सूनबाई जिन्यातल्या पायरीवर बसली होती. डबा मांडीवर, झाकण लावलेलं.

"मी काही केलं नाही बाई," ती म्हणाली. "हे मी आता कितव्यांदा सांगतेय माहीत नाही. दादांनी तर मला बोलूच दिलं नाही."

"मला सांग. आणि शब्द न् शब्द सांग. मी मास्तरीण आहे, अध्येमध्ये तोंड घालत नाही."

"वस्ताद सकाळी आठला हॉस्पिटलात जाताना इथे आले, चिठ्ठी लावून गेले. फिल्टरच्या वर, फळ्यावर. त्यात आजची कामं होती. मी आले तेव्हा केंद्राचा फोन चालू झाला, तो संपेपर्यंत दहा वाजले. मग चिठ्ठी बघितली. त्यात मशीन काढायचं होतं, म्हणून मी कारभारीच्या खात्यात शिरले. पण परत चिठ्ठीवर नजर गेली, तर त्या कामावर आधीच खूण होती. झालं म्हणून. म्हटलं, कोणीतरी काढलं असेल. मी बाहेर आले. एवढंच."

"खूण कोणी केली?"

"मला वाटलं वस्तादांनीच. येऊन स्वतःच करून गेले असतील."

"तू विचारलं नाहीस?"

"कोणाला विचारू? इथे काही विचारलं की 'एवढंही येत नाही' म्हणतात." तिनं डबा मांडीवरून उचलून पायरीवर ठेवला. "वडिलांच्या औषधांच्या वेळा मी आठ वर्षं सांभाळल्या. एक चुकली नाही. आणि इथे मी मुद्दाम कोणाचं तरी काम उडवीन?"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग उठून त्या फळ्यापाशी गेल्या. फिल्टरवाला खाली वाकून स्क्रू फिरवत होता. त्याच्या डोक्यावर चिठ्ठी होती, वस्तादांच्या गिचमिड अक्षरात.

मंगळवार, असं वर लिहिलेलं. खाली चार ओळी. एक, सर्वांचे पासवर्ड बदलणे. दोन, परवाचं मशीन काढणे. तीन, बाईंच्या लॅपटॉपवर नवी जोडणी करून देणे. चार, फिल्टरवाल्याला फोन करणे. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीपुढे निळ्या शाईची बरोबरची खूण होती, एकाच हाताची.

बाईंनी ती दुसरी ओळ दोनदा वाचली. आज मंगळवार. परवा म्हणजे रविवार. म्हणजे जावईबापूंचं मशीन उडवायला खुद्द वस्तादांनीच सांगितलं होतं. ज्यांनी ते दोन दिवसांपूर्वी स्वतः मेहनतीनं तयार केलं, त्यांनी.

५

बाई जागेवर येऊन बसल्या. समोर पुस्तिकेचं तेरावं पान उघडं होतं, पण अक्षर लागत नव्हतं.

वस्ताद असं का सांगतील? त्यांचं आणि जावईबापूंचं वाकडं नव्हतं. आणि मशीन उडवायचं तर त्यांच्याकडे किल्ली होती. हॉस्पिटलची घाई होती हे खरं, पण चिठ्ठी लिहायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात मशीन उडतं, असं जावईबापू एकदा म्हणाले होते. वस्ताद कसे बोलतात ते बाई आठवू लागल्या. या धंद्यात येण्याआधी वस्ताद बस आगारात पास देणाऱ्या खिडकीवर होते. त्या खिडकीची भाषा त्यांच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा ते म्हणाले होते, "बसा बाई, तुमचं एक मशीन काढून देतो." बाईंना वाटलं होतं, कपाटातून काढून देणार.

बाईंचा हात आपोआप पेनाकडे गेला. वर्गात त्या मुलांना सांगायच्या तसं त्यांनी स्वतःलाच सांगितलं, वाक्यात उपयोग करा. आणि कागदावर लिहीत गेल्या. बसचा पास काढला. चित्र काढलं. पायातला काटा काढला. गावाच्या वेशीवर दुकान काढलं. डॉक्टरांनी दात काढला. पोरांनी फिदीफिदी दात काढले. बँकेत खातं काढलं. कामावरून माणूस काढला.

शेवटचं वाक्य लिहून त्या थांबल्या.

काढणे म्हणजे नाहीसं करणे. काढणे म्हणजे नसलेलं अस्तित्वात आणणे. स्वतःच स्वतःचा विरुद्धार्थी असलेला शब्द, आणि तेवीस वर्षांत तो कधी प्रश्नपत्रिकेत टाकायचं त्यांना सुचलं नव्हतं. आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसराही तसलाच. परवा. होऊन गेलेला रविवारही परवा, आणि येणारा गुरुवारही परवाच.

बाई जावईबापूंकडे गेल्या. "गुरुवारी केंद्रात दाखवायला वेगळं मशीन लागणार होतं का?"

"लागणारच. आपल्या कामाचं मशीन गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. स्वच्छ, कोरं मशीन लागतं. आजच तयार व्हायला हवं होतं."

"मग ते यादीत दाखव."

जावईबापूंनी यादी उघडली. दहा मशीनं होती. सोम होतं, बुध होतं, गुरू, शुक्र, शनी होती. जावईबापूंनी यादी वर नेली, खाली आणली.

"आज तयार झालं असतं तर त्याचं नाव काय असतं?" बाईंनी विचारलं.

"मंगळ-१," ते म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "मंगळ एकही नाहीये."

एक मशीन असायला हवं होतं ते गेलं होतं. दुसरं यायला हवं होतं ते आलंच नव्हतं. आणि दोन्हींची मिळून चिठ्ठीवर एकच खूण होती. ती खूण करणाऱ्यानंच फिल्टरवाल्याला फोन केला होता. मधे नवा भाग आणायला जाऊन आलेला फिल्टरवाला आपलं काम संपवून हात पुसत होता, आणि त्याला फोन कोणाचा आला होता ते त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी चिठ्ठी फळ्यावरून उतरवली आणि दादांचं बंद दार वाजवलं.

६

पत्र टेबलावर होतं, पाकिटात न घातलेलं. दादांचा जेवणाचा डबाही तिथेच होता. उघडलेला, पण न खाल्लेला.

"फिल्टर छान झाला," बाई म्हणाल्या. "फोन तुम्ही केला होतात ना?"

"हो."

"चिठ्ठीतलं चौथं काम. आणि दुसरं?"

दादांनी चिठ्ठीकडे पाहिलं नाही. त्यांना ती पाठ झाली असावी.

"सकाळी लवकर आलो होतो," ते म्हणाले. "वस्ताद नाही, म्हटलं थोडा हातभार लावू. पूर्वी मीच करायचो की ही सगळी कामं. लिहिलं होतं परवाचं मशीन काढणे. यादीत रवि-१ दिसलं. वाटलं, त्यानं काहीतरी करून बघायला तयार केलं असेल. मशीननं विचारलं, खात्री आहे का. मी म्हटलं, आहे."

"गुरुवारही परवाच आहे दादा. आणि वस्ताद मशीन काढतात म्हणजे पास काढावा तसं काढतात. नवं. सूनबाईही तसंच बोलते, त्यांच्याच हाताखाली शिकली. 'मला मशीन काढायचंच होतं' म्हणजे तिला ते तयार करायचं होतं. तुमची खूण बघितली आणि झालंय समजून थांबली. तुम्ही खूण केली नसतीत, तर गुरुवारचं मशीन आज यादीत असतं."

पंखा फिरत होता आणि पत्राचा कोपरा हलत होता.

"तुम्हाला हे कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"आत्ता. तुम्ही सांगितल्यावर."

"दादा."

त्यांनी मान खाली घातली. शाळेत गृहपाठ न केलेल्या दिवशी घालायचे तशीच. "बारा-साडेबाराला. जावईबापू म्हणाले मशीन रविवारी घेतलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. नोंदी उघडून बघितल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी नाही बघितल्या."

"आणि हे पत्र?"

"छापून झालं होतं. फाडलं नाही, एवढंच. वाटलं, वस्ताद आला की काहीतरी निघेल."

"आणि ती पाच वाजता घरी गेली असती. रिकाम्या घरात."

बाईंना राग आला. असा राग त्यांना वर्गातसुद्धा फार कमी वेळा आला होता, आणि त्याच्या खाली वाईट वाटणं होतं. हा मुलगा त्यांनी शिकवला होता. याच मुलानं त्यांना घरातून बाहेर काढून पुन्हा माणसांत आणलं होतं. जे बोलायचं ते बोलून झाल्यावर ही नोकरी राहील की नाही, याचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, आणि आपण 'तू'वर आलोय हे त्यांना कळलं तरी त्या थांबल्या नाहीत. "सकाळची चूक शब्दांची होती. ती कोणाच्याही हातून झाली असती, माझ्याही. साडेबारानंतरची मात्र तुझी आहे. ती मी तुझ्यासाठी दुरुस्त करणार नाही."

दादांनी पत्राचे चार तुकडे केले, उठले आणि दार उघडलं.

७

वस्तादांचा फोन पावणेपाचला लागला. आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती आणि ती आतापासूनच पट्टी सोडायला सांगत होती. बाईंनी त्यांना इकडचं सगळं सांगितलं.

"जावईबापूंचं जुनं मशीन मी काढलेलं नाहीये," ते म्हणाले.

"वस्ताद," बाई फोनवर म्हणाल्या, "आज तुमच्या पाया पडते. 'काढलेलं नाही' म्हणजे नक्की काय ते सांगा."

"म्हणजे उडवलेलं नाही हो. झोपवून ठेवलंय. असावं म्हणून आठवडाभर ठेवतो मी. रविवारपर्यंतचं सगळं त्यावर असणार."

जावईबापूंनी यादीतलं एक फिकट नाव जागं केलं. ते जागं व्हायला पाच मिनिटं लागली. मग पडद्यावर त्यांचं काम उघडलं, खुर्च्या, वार, नावं, सगळं. सोमवारचा एक दिवस तेवढा बुडाला होता. जावईबापू खुर्चीत मागे टेकले. सोमवारचं काम आपल्याला नीट आठवतंय, बुधवार रात्रीच्या आत पुन्हा होईल, असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. मग त्यांनी बारा दिवसांत पहिल्यांदा काम सामायिक भांडारात जमा केलं, कोणी न सांगता.

दादा मधोमध उभे होते. बोलायला उभं राहिलं की ते नेहमी खिशात हात घालायचे. आज त्यांचे हात बाहेर होते.

"जावईबापूंचं मशीन मी उडवलं," ते म्हणाले. "चिठ्ठी चुकीची वाचून. आणि दुपारी मला शंका आली होती, तरी मी गप्प बसलो." ते सूनबाईकडे वळले. "तुझ्यावर मी आळ घेतला. तुझं ऐकूनही घेतलं नाही. माझं चुकलं."

जावईबापूंनी घसा खाकरला. "मीही तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना कष्ट पडले हे दिसत होतं.

सूनबाईचा ड्रॉवर उघडा होता. आतल्या वस्तू तिनं दुपारीच पिशवीत भरून ठेवल्या होत्या. एक कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, वडिलांचा जुना चष्मा. ती पिशवीकडे बघत होती.

"दुपारी शंका आली," ती म्हणाली. "म्हणजे मी जिन्यात बसले होते तेव्हा."

"हो."

"मी तिथे दोन तास बसले होते दादा."

"माहीत आहे. मी बघितलं होतं."

हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बाईंना वाटलं, निदान एवढं तरी त्यांनी लपवलं नाही.

सूनबाईनं पिशवी पायाशी ठेवली, रिकामी मात्र केली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉप उघडला.

"गुरुवारचं मशीन मी तयार करते," ती म्हणाली. "केंद्रातल्या बायका वाट बघतायत, त्यांचा यात काही दोष नाही. गुरुवारी मी येईन, चालवून दाखवीन. शुक्रवारपासून इथे यायचं की नाही, ते मी ठरवणार. तुम्ही नाही."

"बरं," दादा म्हणाले.

तिनं कारभारीच्या खात्याची किल्ली टाकली. पडद्यावर प्रश्न येत गेले, ती एकेकाला उत्तर देत गेली. दादा थोडा वेळ तिच्या टेबलाशी उभे राहिले, पण तिनं वर पाहिलं नाही.